पाव्हण्याच्या फासळ्या

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात अंगानं भरत चाललेला जीव एकच होता, आणि तो नेमका आमच्या घरात होता. माणसं वाळली होती, बैल छावणीत उभ्या उभ्या वाळत होते, आडाचा तळ दिसायला लागला होता, आणि आमच्या ओसरीवर एक पांढरंशुभ्र पामेरियन कुत्रं दिवसेंदिवस गोल होत होतं. बरं, घर कुणाचं? गावच्या सोसायटीच्या चेरमनचं. म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आता सांगा, गावानं काय समजावं?

आमचं गाव कळंब-येरमाळा रस्त्यावरनं आत. मी तिथं सून म्हणून आले ती मॅट्रिक होऊन. त्यामुळं कंदिलाची काच कशानं तडकली, शेजारच्या पोराला ताप कशानं आला, रेडिओ का खरखरतो, असली सगळी शास्त्रीय खाती माझ्याकडं. मालक बार्शीला नोकरीला होते, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. घरात आम्ही तिघंच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. म्हणायची म्हणजे मनात. सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायची पद्धतच नव्हती आमच्यात. मला काही सांगायचं असलं की मी चुलीपाशी आत्याबाईंना सांगायची, आत्याबाई ते ओसरीवर जाऊन मामांना सांगायच्या, आणि मामांचं उत्तर त्याच वाटेनं माघारी यायचं. वाटेत आत्याबाईंना जे पटलं नाही ते गळायचं. मीठ कमी की जास्त एवढ्यापुरतं हे सगळं ठीक होतं.

मामा प्रामाणिक होते. इतके की घरच्यांना वैताग यावा. सोसायटीच्या कचेरीत चहा आला तर ते शिवायचे नाहीत, प्यायला पाणीसुद्धा घरनं तांब्यात घेऊन जायचे. रेशनचं दुकान सोसायटीकडंच होतं. तिथं मिलो मिळायचा, परदेशातनं आलेली ती लाल ज्वारी, जिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. गावानं मिलो खाल्ला तसा आम्हीही खाल्ला, आणि आत्याबाईंनी रोज भाकरी थापताना त्या परदेशाचा उद्धार केला. सुकडीची पोतीसुद्धा सोसायटीच्याच गोदामात उतरायची. खडी फोडायच्या सरकारी कामावर आणि शाळेत ती सुकडी वाटायचे, गूळ घातलेली, भाजक्या पिठाच्या वासाची. गोदामाची चावी मामांच्या करगोट्याला. एकदा शेजारचं पोरगं खेळता खेळता सुकडीचा तुकडा आमच्या ओसरीवर विसरून गेलं, तर मामांनी तो उचलून स्वतः त्याच्या घरी नेऊन दिला. पोराच्या आईला वाटलं, चेरमन काहीतरी चौकशीला आले. ती बिचारी घाबरून रडायलाच लागली.

अशा घरात पाव्हणं आलं. माझ्या नणंदबाई पुण्याला होत्या. त्यांच्या मालकांची बदली लांब कुठंतरी झाली, नव्या घराची सोय होईपर्यंत दोन महिने कुत्रं सांभाळा म्हणून त्या वेताच्या टोपलीत घालून ते घेऊन आल्या. टोपलीतनं आधी दोन काळे डोळे निघाले, मग काळं नाक, आणि मग नुसता कापूसच कापूस. त्याला एक इंग्रजी नाव होतं, पण ते आत्याबाईंच्या तोंडात बसेना. दारात बघायला जमलेल्या बायांनी हे काय म्हणून विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, पाव्हणं हाय, दोन म्हयन्यानं जाणार. ते नाव गावात पक्कं झालं. दोन महिने आले आणि गेले, नणंदबाई काही आल्या नाहीत, पाव्हणं राहिलं.

कुत्रं ठेवून जाताना नणंदबाईंनी संध्याकाळभर मला बसवून शिकवण दिली. ह्याचे दात रोज घासायचे. ह्याला रोज विंचरायचं. उंचावरनं उडी मारू द्यायची नाही, गुडघे नाजूक असतात. गळ्याला दोरी बांधायची नाही, खोकला होतो. उन्हात सोडायचं नाही. गोड द्यायचं नाही. मोजून खायला घालायचं, मागितलं तरी वर घालायचं नाही. आठवड्याला कोमट पाण्यानं आंघोळ. मी मान डोलवत होते. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि आमची स्वतःची आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकत होती, हे त्यांना सांगून काय उपयोग? त्या पुण्याच्या. आत्याबाई शेजारी बसून मिश्री लावत होत्या. त्यांच्या तोंडात खालचे चार दात शिल्लक होते. कुत्र्याचे दात घासायचे हे ऐकून त्यांनी बोट तोंडातच थांबवलं आणि लेकीकडं बघत बसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, माझ्या आईनं मला कवा एवढं सांगितलं न्हाय.

पण कुत्र्याला खोकला आलाच. बदक ओरडावं तसा आवाज. शेजारच्या कुणीतरी लाडानं गळ्यात घुंगरांचा गोफ बांधला होता, तो ओढला जायचा. शिवाय मागचा एक पाय मधेच उचलून तीन पायांवर पळायचं आणि चार पावलांनी पुन्हा नीट चालायचं. मामांना कळंबला बँकेत काम होतं, त्या दिवशी त्यांनी मला आणि पाव्हण्याला बरोबर नेलं. मामा यष्टीत पुढं बसले, मी पाठीमागं, पदराखाली पाव्हणं. मामा बँकेकडं गेले आणि मी जनावरांच्या दवाखान्यात.

दवाखान्याच्या आवारात बैलांची रांग होती. एकेकाच्या अंगावर फासळ्या अशा निघालेल्या की बघवत नव्हतं. त्या रांगेत मी मांडीवर कापसाचा गोळा घेऊन बसले. लोक बैलाचा कासरा धरून माझ्याकडं बघत होते, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. डॉक्टर मात्र खूश झाले. तरुण माणूस, रोज तेच भुकेनं बसलेले बैल उठवून कंटाळलेला. त्यांनी पाव्हण्याला टेबलावर घेतलं, तोंड उघडून दात बघितले, मागचा पाय हातात धरून गुडघ्याची वाटी सरकवून दाखवली. ह्या छोट्या जातीचं हे असंच असतं म्हणाले. वाटी जागेवरनं सरकते, पळता पळता पुन्हा बसते. वजन वाढलं आणि दोन पायांवर उभं राहायची सवय लागली तर एक दिवस बसायची नाही. श्वासनळी मऊ असते, गळ्यात काही नको, पट्टा बांधायचाच तर छातीवरनं. जबडा लहान, दातांची दाटी, म्हणून दात लवकर किडतात. मग त्यांनी कुत्रं पिसाळू नये म्हणून सुई टोचली आणि दर वर्षी आणा म्हणाले. रांगेतला एक म्हातारा लांबूनच म्हणाला, चावायच्या आदीच सुई? डॉक्टर म्हणाले, चावल्यावर ह्याला न्हाय, तुमालाच टोचावी लागती बाबा, पोटात.

मी विचारलं, उन्हाळ्यात ह्याचे केस कापले तर? डॉक्टर एकदम गंभीर झाले. अजिबात नाही म्हणाले. हे केस म्हणजे घराचं माळवद आहे, थंडी अडवतं तसं ऊनही अडवतं. शिवाय ह्या जातीचे केस एकदा मुळापासनं कापले की कधी कधी पुन्हा येतच नाहीत. मग त्यांनी माझा हात घेऊन कुत्र्याच्या बरगडीवर ठेवला.

"बोटं हलकी ठेवा. फासळी लागली पाहिजे. शोधावी लागली तर समजा जनावर जाड झालं."

त्या दिवशी फासळ्या लागत होत्या. माझ्या बोटांना अजून आठवतात, केसांच्या आत बारीक बारीक, पंख्याच्या काड्यांसारख्या.

घरी येऊन मी पथ्य बसवलं. सकाळी चतकोर भाकरी ताकात कुस्करून, संध्याकाळी तेवढीच, मधे काही नाही. मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून दात पुसायचे. गळ्याचा गोफ काढून छातीवर चोळीच्या कापडाचा पट्टा शिवला. दुपारी ओलं पोतं टाकून त्यावर निजवायचं. आणि दर आठ दिवसांनी बरगडीवर बोटं.

पहिल्या महिन्यात फासळी जरा दाबल्यावर लागली. दुसऱ्या महिन्यात शोधावी लागली. तिसऱ्या महिन्यात मी शोधत बसले आणि पाव्हणं माझ्या हाताला चाटत बसलं. चतकोर भाकरीवर जाड होणारं जनावर मी जन्मात बघितलं नव्हतं. मला आत्याबाईंचा संशय आला. आत्याबाईंना माझा आला, सून लपूनछपून गूळ चारती म्हणून. एक दिवस मी फुलपात्र घ्यायला ओसरीवर गेले तर मामा आपल्या बशीतला चहा जमिनीवर ठेवत होते आणि पाव्हणं जिभेनं लपालपा संपवत होतं. सोसायटीचा चहा न शिवणारा माणूस स्वतःच्या साखरेचा चहा कुत्र्याला पाजत होता. मला बघून त्यांनी बशी उचलली आणि वर आढ्याकडं बघायला लागले. आत्याबाईही पकडल्या गेल्या. त्यांच्या मिलोच्या भाकरीचा पापुद्रा रोज कुणाच्या पोटात जातो ते मला कळलं. पण पापुद्र्यानं आणि बशीभर चहानं एवढं अंग येत नसतं. त्यात दुपारी ओल्या पोत्यावर निजवलेलं पाव्हणं तासाभरानं बघावं तर तिथं नसायचं.

गावात बोलवा उठली ती मामांच्या चुलतभावाकडनं. चुलतसासऱ्यांना चेरमन व्हायची हौस होती आणि मामा मधे होते, एवढंच भांडण. पण दुष्काळात त्यांना मुद्दा सापडला, आणि मुद्दा चार पायांवर रोज गावातनं फिरत होता. पारावर बसून ते म्हणाले ते अर्ध्या तासात आमच्या चुलीपर्यंत आलं.

"माणसाच्या फासळ्या निघाल्या आन् चेरमनचं कुत्रं फुगलंय. सुकडी कुठं जाती ते कुत्र्यालाच इचारा."

मामा दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्यावरनं? पण त्या माणसाकडं दुसरं होतं काय? जमीन कोरडी पडलेली, बैल छावणीत. नाव तेवढं शाबूत होतं, आणि ते एका कुत्र्यानं खाल्लं म्हणायची पाळी आली होती. सोसायटीची सभा तोंडावर होती. तिथं हा विषय निघणार हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. सभेच्या आदल्या दिवशी मामा ओसरीवरनं आत्याबाईंना म्हणाले, हे नुसते केस हायती, आत मूठभर जीव हाय. उद्या समद्यांच्या देखत ह्याला भादरतो. बघू दे गावाला, चेरमनच्या कुत्र्यानं काय खाल्लंय ते. मेंढरं भादरणाऱ्या धनगराला निरोपही गेला.

मी चुलीपाशी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. मी आत्याबाईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, डॉक्टरनं केस कापू नका म्हणून सांगितलंय, उन्हानं कातडं भाजेल. दुसरी, आत मूठभर जीव नाही, फासळ्या हाताला लागत नाहीत, मामांना म्हणावं हे करू नका, उलटंच होईल. आत्याबाई ओसरीवर गेल्या. मी कान देऊन होते. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली. दुसरी सांगितली नाही. कुत्रं जाड झालंय म्हणावं तर कुणी केलं हे निघणार, आणि मग पापुद्रा निघणार. मामा म्हणाले, एक दिवस ऊन लागलं तर मरत न्हाय. आत्याबाई आत आल्या आणि माझ्याकडं न बघता काटवटीत पीठ घ्यायला लागल्या. मी उंबऱ्यापर्यंत गेले. ओसरी तिथनं चार पावलांवर होती. मॅट्रिक झाले होते, इंग्रजीत पत्र लिहीत होते, पण सासऱ्यासमोर जाऊन "मामा, ऐका" एवढं म्हणणं जमलं नाही, आणि मी माघारी येऊन करपलेली भाकरी तव्यावरनं उतरवली. असली आमची रीतभात.

सभा गोदामापुढच्या लिंबाखाली भरली. पुरुष सतरंजीवर, कामावरच्या बाया शाळेच्या भिंतीला लागून उभ्या, त्यांच्यातच आत्याबाई आणि मी. चुलतसासऱ्यांनी विषय काढायच्या आत मामाच उठले. म्हणाले, माझ्यावर आळ आलाय, त्याचा झाडा मी आत्ता देतो. पाव्हण्याला सोसायटीच्या टेबलावर ठेवलं. धनगरानं कातर काढली, आणि जन्मात एवढं लहान मेंढरू भादरलं नव्हतं म्हणून हसत हसत कामाला लागला.

पांढऱ्या केसांचा ढीग पडत गेला, वाऱ्यानं सतरंजीवर उडत गेला. आणि आतनं जे निघालं ते मूठभर नव्हतं. गुलाबी, सोललेल्या भोपळ्यासारखं गरगरीत, मानेला वळ्या पडलेलं एक जनावर टेबलावर उभं होतं. पोट खाली लोंबत होतं. कुणी हसलंसुद्धा नाही. मामांनी त्याच्याकडं बघितलं, मग धनगराकडं बघितलं, जणू त्यानं मधल्या मधे कुत्रं बदललं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मला भिंतीपासनं दिसला. त्यांचा हात करगोट्याकडं गेला. त्यांनी गोदामाची चावी सोडली आणि टेबलावर कुत्र्याच्या शेजारी ठेवली. चुलतसासरे उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात पाव्हण्यानं अंग झाडलं आणि टेबलावरनं खाली उडी टाकली. व्हायचं तेच झालं, गुडघ्याची वाटी सरकली, तीन पायांवर लंगडत ते सतरंजीवरनं तडक चुलतसासऱ्यांकडं गेलं, त्यांच्या पुढ्यात मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि पुढचे दोन पाय जोडून डोळे लावून राहिलं. नमस्कार घालावा तसं. चुलतसासरे हाड म्हणाले. ते हलेना. त्यांच्या कोपरीच्या उजव्या खिशाकडं नाक करून पुन्हा उभं राहिलं. धनगराला गावच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, खिसा वळखतंय की.

मग पाव्हण्यानं सभेत फेरी धरली. सरपंचापुढं उभं राहिलं, मास्तरांपुढं उभं राहिलं, मुकादमापुढं राहिलं, ओळीनं एकेकापुढं, आणि जो तो सतरंजीकडं बघायला लागला. तिथनं ते बायांकडं आलं. भिंतीशी खडी फोडणारी एक म्हातारी उभी होती, बौद्धवाड्यातली. पाव्हणं पुढ्यात येऊन उभं राहिल्याबरोबर तिनं पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर सुकडी त्याच्या तोंडात घातली. सवयीनं. सगळ्या सभेच्या देखत. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर घट्ट धरला.

आता सगळं उघड झालं. पाव्हणं रोज दुपारी ओल्या पोत्यावरनं उठून खडीच्या कामावर जात होतं. हात जोडणारं कुत्रं गावानं कधी बघितलं नव्हतं, आणि त्या साली दुसरा तमाशा तरी कुठला होता. शिवाय ते पाव्हणं. पाव्हण्याला रिकाम्या तोंडी धाडायची रीत आमच्या गावात नाही. प्रत्येकानं आपल्या वाट्यातली एक चिमूट घातली आणि प्रत्येकाला वाटलं, मी एकटाच घालतोय. ते बौद्धवाड्यातही जेवून यायचं. आमच्या घरच्या माणसांना आजवर जे जमलं नव्हतं ते त्यानं चार महिन्यांत करून ठेवलं होतं.

मामा म्हातारीपाशी आले. हात बांधून उभे राहिले.

"माझं नसतं, तर घातलं असतं का?"

म्हातारीनं विचार केला. खरं बोलायची तिला घाई नव्हती. "आता ते कसं सांगावं, चेरमन? तुमचं नसतं तर ते इथवर येऊन उभं राहिलं असतं का?"

सभेत हशा पिकला. सुटल्याचा हशा होता तो, सगळ्यांचाच. मामा निर्दोष ठरले. चुलतसासऱ्यांनी स्वतः उठून मामांवर विश्वास असल्याचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांत मंजूर झाला. चावी पुन्हा मामांच्या हातात दिली. धनगरानं मजुरी घेतली नाही. मामा तेवढे हसत नव्हते.

घरी आल्यावर मी पाव्हण्याच्या अंगावर ओलं फडकं घातलं. पाठ लाल झाली होती, जीभ बाहेर पडली होती. मामा चुलीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती, ते त्या उंबऱ्याशी कधी आले नव्हते. आत्याबाई समोर असताना त्यांनी थेट मला विचारलं, डॉक्टरनं काय काय सांगितलं व्हतं? मी आत्याबाईंकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. मी सगळं सांगितलं, पहिली गोष्टही आणि गळालेली दुसरीही. मामा खाली बसले. मी दाखवलं तशी त्यांनी दोन बोटं कुत्र्याच्या बरगडीवर ठेवली आणि शोधायला लागले.

त्या म्हातारीची नात भादरलेलं कुत्रं बघायला दारात आली होती. सहा-सात वर्षांची, विटलेला झगा एका खांद्यावरनं घसरलेला. खांद्याखाली छातीचा सापळा असा वर आलेला की बोटं लावायची गरजच नव्हती. मामांचं लक्ष तिच्याकडं गेलं. त्यांची बोटं कुत्र्यावर तशीच थांबली.

"तिथला चहा पीत नव्हतो म्या," ते म्हणाले. "आन् हे माझ्या नावानं दारोदार जेवत व्हतं."

आत्याबाई म्हणाल्या, लोकांनी हौसेनं घातलं. मामा म्हणाले, हौसेनं का भ्यानं, ते कोण सांगंल? रेशन आपल्या हातात, गोदाम आपल्या हातात. आत्याबाई चुलीतली लाकडं मागं ओढायला लागल्या. आता मला बोलायची परवानगी होती, आणि मी फडकं पुन्हा ओलं करायला उठले.

आठ दिवसांनी मामांनी चेरमनकीचा राजीनामा दिला. झालं. जे गाव टाळ्या वाजवत होतं त्याची आता खात्री पटली की ह्यानं नक्की काहीतरी खाल्लंय. निर्दोष सुटलेला माणूस राजीनामा देतो कशाला? चुलतसासरे चेरमन झाले. ते सभेत मामांच्या प्रामाणिकपणाबद्दल चांगले शब्द बोलले, आणि ते ऐकून उरलेल्यांचीही खात्री पटली. आत्याबाई महिनाभर मामांशी बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं मीच मामांना सांगायची, म्हणजे घरात वाट बदलली, वाहतूक तेवढीच राहिली.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. रानं हिरवी झाली, मग मूग-उडीद निघाले, मिलो कुणी विचारेना. घराघरात पुन्हा भाकरीचा वास यायला लागला, आपल्या ज्वारीचा. पाव्हण्याला मी मामांच्या जुन्या धोतराचं बंडीवजा काहीतरी शिवलं होतं, कारण डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. पोटाखाली केस आले, मानेवर आले, पाठीवर आले ते विरळ, जुन्या ब्रशासारखे. पथ्य मी तेच ठेवलं होतं. चतकोर भाकरी सकाळी, चतकोर संध्याकाळी.

पाव्हणं दुपारी उठून आपल्या फेरीला जायचं ते मात्र काही सुटलं नाही. आता ते लवकर माघारी यायचं. मी एकदा बघितलं, चुलतसासऱ्यांच्या दारात ते दोन पायांवर उभं होतं, हात जोडून. ते आतनं हाड म्हणाले, आणि ह्या वेळी खरंच म्हणाले. मास्तरांच्या दारात कुणी बाहेर आलं नाही. सरपंचांच्या पोरानं खडा मारला. ती म्हातारी तेवढी घालायची काहीबाही, पण ती वाटेवरच्या कुठल्याही कुत्र्याला घालायची. त्या वर्षी चुलतसासऱ्यांच्या दारातला बोकड मात्र नजर लागावी असा भरला. येणारा-जाणारा पाल्याची डहाळी टाकल्याशिवाय त्याच्यापुढनं जायचा नाही.

वर्षाची सुई टोचायची वेळ आली तेव्हा मामा म्हणाले, मीबी येतो दवाखान्यात. आता त्यांना बँकेत काही काम नव्हतं. यष्टीत आम्ही शेजारी बसलो, पाव्हणं मधे.

दवाखान्यात ह्या खेपेला रांग नव्हती. डॉक्टरांनी ओळखलं. आधी पाठ बघून ते मला रागावले, आणि मी ऐकून घेतलं. मग त्यांनी दात बघितले, पाय सरकवून बघितला, छातीला कान लावला. खोकला गेला होता. लंगडणं जवळपास थांबलं होतं. शेवटी त्यांनी बरगडीवर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"व्वा. कशा लागतात बघा. एवढ्या मेहनतीनं कुणी करत नाही. काय पथ्य केलंत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाच म्हणाले, "राजीनामा दिला."

डॉक्टरांना वाटलं म्हाताऱ्यानं विनोद केला. ते मोठ्यानं हसले, सुई टोचली, आणि पुढच्या वर्षी असंच आणा म्हणाले.

माघारी येताना गाडीत मामांनी पाव्हण्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी खिडकीपाशी होते. गाव येईपर्यंत त्यांची दोन बोटं त्याच्या बरगडीवर होती, आणि ती आता काही शोधत नव्हती.